तीस सेकंद आणि एक लाल चिठ्ठी

दशरथराव रणपिसे ह्यांनी आदल्या संध्याकाळी मालकांना सांगून टाकलं होतं, "जयसिंगराव, उद्या माझे डोळे बांधा आणि शेडमधली कुठलीही वस्तू मागा. तीस सेकंदांत तुमच्या हातात."

जयसिंगराव म्हणाले, "डोळे नका बांधू. कंपनीतून मॅडम येणार आहेत. पहिल्याच भेटीत घाबरायच्या."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. बाहेरच्या देशांतल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्यापासून पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांना एकाएकी गुणवत्तेची आठवण झाली होती, आणि मोठ्यांना आठवण झाली की पाठांतर छोट्यांना करावं लागतं. कात्रजच्या अलीकडच्या एका गावात, जे वर्षभरापूर्वीच महापालिकेत गेलं होतं, 'मुक्ताई प्रेस वर्क्स' नावाची एक पत्र्याची शेड होती. तिथे मोटारसायकलच्या पुढच्या दिव्याचे ब्रॅकेट बनत. मालक जयसिंगराव, सुपरवायझर दशरथराव, आणि मशिनवर दोन पाळ्यांत मिळून तेवीस माणसं.

ह्या शेडला मोठ्या कंपनीचं पत्र आलं. तीन महिन्यांत सतत सुधारणेची एखादी मान्य पद्धत स्वीकारा, आमचा माणूस येऊन बघेल, पद्धत दिसली नाही तर ब्रॅकेट दुसरीकडे जातील. ब्रॅकेट गेले की दुसरी पाळी बंद. आणि दुसऱ्या पाळीतली अकराच्या अकरा माणसं दशरथरावांनी स्वतः घरोघरी जाऊन, "नोकरी पक्की आहे, माझा शब्द" असं सांगून आणलेली होती. त्यांतल्या चौघांनी तर त्यांच्या शब्दावर चालू नोकऱ्या सोडल्या होत्या. दशरथराव रात्री कूस बदलायचे ते ह्या अकरा माणसांमुळे.

तर पद्धत निवडायची होती. दशरथराव शिवाजीनगरला तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. येताना एक पिशवी, एक पेन आणि तीन पद्धती घेऊन आले.

पहिली पद्धत सूचना पेटीची. दारातच पेटी लावली. तीन आठवड्यांनी उघडली तर आत सात चिठ्ठ्या. पाच जणांना चहा गोड हवा होता. एकाने विचारलं होतं की पेटीची किल्ली कुणाकडे असते. सातव्याने लिहिलं होतं, 'पेटी दारातून हलवा, येताजाता डोक्याला लागते.' ही सूचना रास्त होती. पेटी हलवली, ती कपाटामागे गेली, आणि पद्धत संपली.

दुसरी पद्धत गुणवत्ता मंडळाची. दर शनिवारी सगळ्यांनी गोल बसून कामातल्या अडचणींवर बोलायचं. पहिल्या शनिवारी कोणीच बोललं नाही. दुसऱ्या शनिवारी सगळे बोलले. त्यानंतर पहिली पाळी आणि दुसरी पाळी पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हत्या.

उरली तिसरी, जपानी. हिच्यात पाच पायऱ्या होत्या, पण जयसिंगरावांना जपानी शब्द पाठ होईनात, म्हणून दशरथरावांनी भिंतीवर मराठीत रंगवून घेतलं: निवडा, मांडा, पुसा, पाळा, टिकवा. नको असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची आणि ती वस्तू शेडबाहेर काढायची. राहिलेल्या प्रत्येक वस्तूची जागा पिवळ्या रेघेने आखायची. मग मागितलेली वस्तू तीस सेकंदांत सापडली पाहिजे, हीच परीक्षा.

ही पद्धत दशरथरावांच्या स्वभावाला अगदी मापात बसली. त्यांनी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून शंभर लाल चिठ्ठ्या छापून घेतल्या. 'ही वस्तू येथे नको आहे', आणि खाली सहीची रेघ. दर वेळी सही करण्यात वेळ जातो म्हणून एका दुपारी बसून शंभरच्या शंभर चिठ्ठ्यांवर सह्या करून टाकल्या, आणि गठ्ठा दाराजवळच्या खिळ्याला अडकवला. ह्याला सुधारणा म्हणतात, असं ते म्हणाले.

पहिल्याच दिवशी पत्रा दाबायच्या प्रेसवरचा हिंदुराव आडवा आला. त्याच्या तीन पायांच्या खुर्चीला चिठ्ठी लागली होती. "साहेब, चौथ्या पायाच्या जागी मी विटा लावतो. बसता येतं." ह्यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी दशरथरावांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं, खुर्ची बाहेर काढली, आणि दुसऱ्या दिवशी खिळ्याच्या वर एक पाटी लावली: 'लाल चिठ्ठी लागली की विचारायचं नाही.'

त्यानंतर कोणी विचारलं नाही. पद्धत झपाट्याने पुढे गेली.

तपासणीच्या दिवशी साडेनऊला ऋतुजा मॅडम आल्या. वय असेल अठ्ठावीस, पाठीला सॅक, हातात फाइल. चहा नंतर घेते म्हणाल्या. पिवळ्या रेघा बघितल्या, भिंतीवरचे पाच शब्द बघितले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा जरा खुलला. तेवढ्यात जयसिंगरावांना राहवलं नाही.

"मॅडम, आमचे रणपिसेसाहेब कुठलीही वस्तू तीस सेकंदांत काढून देतात. काहीही मागा."

"हो का," म्हणत मॅडमनी सॅकमधून स्टॉपवॉच काढलं. "मग ब्रॅकेटचं गेज द्या."

दशरथराव मनात हसले. इतकं सोपं काही मागतील असं त्यांना वाटलं नव्हतं. गेज म्हणजे पोळपाटाएवढी जाड लोखंडी चकती, वर तीन पिना. तयार ब्रॅकेट त्या पिनांवर बसला तर पास, नाही बसला तर भंगार. सबंध शेडमध्ये एकच गेज, कंपनीने मंजूर केलेलं, काठावर नंबर ठोकलेलं. ते नसेल तर बाहेर पडणारा ब्रॅकेट चांगला की वाईट हे सांगायला कोणी नाही.

ते ऐटीत टेबलापाशी गेले. टेबलावर पिवळी गोल रेघ होती. रेघेच्या आत नाव होतं, नावाखाली नंबर होता. गेज नव्हतं.

त्यांनी टेबलाखाली बघितलं. मग, उगीचच, टेबलाच्या वर बघितलं.

"तीस झाले," मॅडम म्हणाल्या.

"मग बंद करा की ते," जयसिंगराव म्हणाले.

"वस्तू हातात आली की बंद होतं." मॅडमनी स्टॉपवॉच टेबलावर, त्या पिवळ्या रेघेच्या बरोबर मध्ये ठेवलं. घड्याळात पावणेदहा झाले होते. "मी एक वाजता निघणार आहे. तोपर्यंत रजिस्टरं बघते. पण गेजच नसेल तर मला 'पद्धत नाही' असं लिहावं लागेल. सॉरी."

स्टॉपवॉचच्या पळत्या आकड्यांकडे बघताना दशरथरावांना दुसऱ्या पाळीची अकरा तोंडं दिसायला लागली. ते हिंदुरावला ओढतच कोपऱ्यात घेऊन गेले.

"काल संध्याकाळी भंगारवाल्याच्या टेम्पोत किती वस्तू चढवल्या?"

"एक्केचाळीस."

"माझ्या यादीत किती होत्या?"

"एक्केचाळीस. आकडा जुळला म्हणून तुम्ही शाबास म्हणालात."

"त्यात गेज होतं?"

हिंदुराव पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "होतं."

"अरे, रोज त्याच्यावर काम करतोस तू. उचलताना कळलं नाही?"

"कळलं की. हातात घेऊन दोन मिनिटं उभा होतो. पण लाल चिठ्ठी होती, तुमची सही होती. म्हटलं साहेबांनी नवं मागवलं असेल. ते येईपर्यंत ब्रॅकेट न तपासता बाजूला रचून ठेवलेत." मग तो हळूच म्हणाला, "खुर्चीच्या वेळी विचारलं होतं मी."

दशरथरावांनी खिशातून यादी काढली. एक्केचाळिसावी वस्तू: जुने दगडी जाते. त्यांनी मान वर केली. जातं शेडच्या मागच्या कोपऱ्यात जागच्या जागी होतं, आणि त्याच्या शेजारी पोत्यावर बसून जयसिंगरावांच्या आई, मुक्ताई, सुपात हरभरे पाखडत होत्या. शेडच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं. शेडच्या जागी पूर्वी त्यांचा गोठा होता, आणि गोठा गेला तरी त्यांचा कोपरा गेला नव्हता.

"आई, ह्या जात्याला लाल चिठ्ठी होती."

"व्हती."

"कुठे आहे?"

"सोडली म्या. गाठ लई पक्की मारली व्हती तुमी, नख दुखावलं माजं."

"सोडून कुठे ठेवलीत?"

"ती त्या टेबलावरच्या लोखंडी चकतीला बांधली. भंगारवाला लोखंड नेतो. दगूड घिऊन तो काय करनार हाय?"

ह्यात चूक कुठे आहे हे दशरथरावांना त्या क्षणी सांगता येईना. "पण आई, एकदा विचारायचं तरी मला."

मुक्ताईंनी हनुवटीने दाराकडे खूण केली. "हिंदुरावानं वाचून दावलंय मला. इचारायचं न्हाई म्हनून तुमीच लिवलंय न्हवं?"

दशरथरावांनी स्कूटरला तीन किका मारल्या तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

भंगारवाला रतन कात्रजच्या चौकापलीकडे वजनकाट्यावर बसला होता. त्याने चाळीस वस्तू ओळीने मांडून ठेवल्या होत्या. तीन पायांची खुर्चीही होती, आणि तिच्यावर रतन स्वतः बसला होता, विटा लावून.

"एक चकती होती लोखंडाची. कुठे आहे?"

"ती व्हय? सकाळीच कसब्यात गेली. रामदास तांबट म्हणून हायेत. त्यांना भांडी ठोकायला खाली जाड बूड पाहिजे व्हतं. लई खूश झाले. फकस्त म्हणाले, वरच्या पिना तेवढ्या आडव्या येत्यात, उडवून टाकतो."

पिना उडवून टाकतो. दशरथराव स्कूटरकडे धावले.

स्वारगेटला एसटी बस आडवी लागली होती आणि तिच्या चारी बाजूंनी लोक तिला मागे कसं घ्यायचं ते शिकवत होते. तिथे सतरा मिनिटं गेली. त्या सतरा मिनिटांत दशरथरावांनी मनातल्या मनात अकराही घरी जाऊन माफी मागून पाहिली. सहाव्या घरी एक म्हातारी रडायला लागली तेव्हा बस हलली.

कसब्यात स्कूटर पुढे जाईना, म्हणून ती एका पीसीओपाशी लावली आणि आधी शेडवर फोन केला. जयसिंगराव कुजबुजत होते.

"मॅडम रजिस्टरं संपवून आईशेजारी बसल्यात."

"काय बोलतायत?"

"बोलत नाहीत. हरभरे दळतायत. आई जात्यात दाण्यांची वैरण घालते, त्या खुंटा फिरवतात."

"स्टॉपवॉच?"

"चालू आहे."

पुढचं दशरथराव पळतच गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी ठोकण्याचा आवाज घुमत होता. तिसऱ्या दुकानात चष्मा नाकावर उतरलेले एक पासष्टीचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. पुढ्यात गेज. गेजच्या काठाला लाल चिठ्ठी तशीच लोंबत होती. त्यांनी छिन्नी पहिल्या पिनेच्या मुळाशी टेकवली होती आणि दुसऱ्या हातातला हातोडा वर गेला होता.

"थांबा!"

हातोडा वरच थांबला. रामदासकाकांनी चष्म्यावरून बघितलं. "थांबलो. आपण कोण?"

"ते गेज माझं आहे."

"बरं." त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि लाल चिठ्ठी दोन बोटांनी धरून वाचली. "'ही वस्तू येथे नको आहे.' खाली द. रणपिसे."

"मीच द. रणपिसे."

"मग आपल्याला ही नको आहे. तसं आपणच छापून घेतलंय."

"चूक झाली. मला ती हवी आहे. आत्ता, लगेच. रतनला दिलंत ते मी देतो."

"रतनचं काय ते तो बघेल. माझा प्रश्न निराळा आहे. काल आपल्याला वस्तू नको होती, आज हवी आहे, उद्या पुन्हा नको वाटली तर मी कामातून उठून ती घ्यायला दाराशी यायचं का?"

दशरथराव घड्याळाकडे बघायला लागले. अकरा वाजून सदतीस. त्यांनी पत्राचं सांगितलं, मॅडमचं सांगितलं, मग अकरा माणसांचंही सांगितलं. माझ्या शब्दावर आली हो ती, असं म्हणाले. रामदासकाका हातातली छिन्नी पुसत ऐकत होते.

मग न बघता त्यांनी हात मागे नेला आणि छिन्नी भिंतीवर अडकवली. दशरथरावांची नजर तिथे गेली. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत साठ-सत्तर हातोड्या होत्या, प्रत्येकीच्या मागे भिंत तिच्याच आकाराची उजळ राहिली होती. ना पिवळी रेघ, ना नाव, ना नंबर.

"काका, हे कुणी लावून दिलं?"

"वडिलांनी. का?"

"काही नाही. मी तीन दिवस शिबिराला गेलो होतो."

"असेल," रामदासकाका म्हणाले. "वस्तू न्या. पण लेखी द्या. त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा. मला उद्या कोणी विचारलं तर दाखवायला नको का?"

"चिठ्ठी तर माझ्याबरोबरच येणार."

"मग एक प्रत इथे."

पेन शिबिरातलंच होतं आणि ते उठत नव्हतं. काकांनी आपलं दिलं. दशरथरावांनी दोनदा लिहिलं: 'ही वस्तू मला काल नको होती असे नाही. मी पाहिले नव्हते. आज हवी आहे. द. रणपिसे.' काकांनी वाचून वेळ घालायला सांगितली. अकरा पंचावन्न.

गेज अठरा किलोचं होतं. खांद्यावर घेऊन ते गल्लीतून निघाले तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देत होते. स्कूटरपाशी पोचले तर पीसीओवाल्याने सीटवर कागद चिकटवला होता, 'ही जागा तुमची नाही.' तो फाडायलाही वेळ नव्हता. दशरथराव त्याच्यावर बसूनच कात्रजला आले. येताना घाटाकडे निघालेल्या ट्रकांची रांग लागली, साखर कारखान्याच्या एका ट्रकामागे ते दहा मिनिटं पाय टेकत टेकत चालले, आणि शेडच्या दारात स्कूटर सोडली तेव्हा एकला तीन मिनिटं कमी होती. मॅडमनी सॅक पाठीला लावली होती. हातांना पीठ होतं.

दशरथरावांनी गेज पिवळ्या रेघेत ठेवलं. मॅडमनी स्टॉपवॉच बंद केलं.

"तीन तास बारा मिनिटं," त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. हिंदुराव पुढे झाला, ताज्या बॅचमधला एक ब्रॅकेट त्याने पिनांवर टेकवला. ब्रॅकेट बसला. हिंदुरावने दुसरा लावला. तोही बसला.

मॅडम लाल चिठ्ठी उलटून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी सॅक खाली ठेवली. "रणपिसेसाहेब, पाच वेळा 'का' विचारायचं असतं, शिबिरात शिकवलं असेल. हे गेज बाहेर का गेलं?"

"त्याला लाल चिठ्ठी होती."

"का होती?"

"आईंनी जात्याची सोडून त्याला बांधली."

"का?"

"जातं जाऊ नये म्हणून."

"जातं हवंय हे त्यांनी तुम्हाला सांगितलं का नाही?"

"विचारायचं नाही अशी पाटी आहे."

"ती पाटी का लावली?"

शेडमधली सगळी माणसं ऐकत होती. दुसऱ्या पाळीचेही काही लवकर येऊन दाराशी उभे होते. दशरथरावांनी घाम पुसला. तोंडाशी दोन-तीन कारणं आली होती, वेळ वाचतो, शिस्त राहते. पण गेले तीन तास त्यांची इतकी दमछाक झाली होती की खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"मला कोणी विचारलेलं आवडत नाही म्हणून," ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग फाइल मिटून म्हणाल्या, "ब्रॅकेट तुमच्याकडेच राहतील. सध्या सहा महिने. गेज आठ दिवसांत प्रयोगशाळेतून तपासून आणा. आणि एक सुधारणा करा. लाल चिठ्ठीवर दुसरी सही हवी, जिला त्या वस्तूचा उपयोग माहीत आहे अशा कोणाची तरी. कोणाची ते तुम्ही ठरवा."

"ठरलं," पोत्यावरून मुक्ताई म्हणाल्या.

दाराशी उभी असलेली माणसं कपडे बदलायला आत गेली. दुसरी पाळी वेळेवर सुरू झाली. दशरथराव टेबलाला टेकून, गेजवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते दिसू नये म्हणून ते नंबर वाचत होते.

दुसऱ्या दिवसापासून मुक्ताई सही करायला बसल्या. साक्षरता वर्गात त्या तेवढंच शिकल्या होत्या, आपलं नाव, आणि ते लिहायला त्यांना पाच मिनिटं लागत. त्याआधी त्या वस्तूला हात लावून बघत, कुणाची, कशाला होती, परत कधी लागेल, सगळं विचारत. पहिल्या महिन्यात एकही वस्तू शेडबाहेर गेली नाही. उलट एक आत आली. हिंदुराव रतनकडून खुर्ची घेऊन आला, विटांसकट.

मग एका सोमवारी सकाळी दशरथराव दारातून आत आले आणि थबकले. खिळ्यावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, पण त्याच्या वरची भिंत मोकळी होती. पाटीच्या आकाराचा चौकोन तेवढा उजळ दिसत होता.

"हिंदुराव, इथली पाटी कुठे गेली?"

हिंदुराव खुर्चीवरून उठला नाही. "शनिवारी टेम्पोत गेली. लाल चिठ्ठी होती, साहेब. तुमची सही होती, आईंची सही होती. दोन्ही बघून घेतल्या."

"अरे, पण मला विचारायचं तरी!"

हिंदुरावने उजळ चौकोनाकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आईंना म्हटलं मी, साहेबांना विचारू का. त्या म्हणाल्या, पाटी अजून भिंतीवर हाय तवर न्हाई."